पावसाळा सरल्यावर कौलारू छप्पर कसं तपासावं

कोकणात छपराची आठवण सगळ्यांना एकदमच येते, ती वैशाखात. मृग दोन आठवड्यांवर आलेला असतो, कौलं परतणारे, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवणारे, गावातले दोन-चार गडी कधीच दुसरीकडे लागलेले असतात, सुताराला उसंत नसते आणि घरात नक्की कुठे गळलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही. भिंती वाळलेल्या असतात, वाशांवरचे पाण्याचे ओघळ धुळीखाली गेलेले असतात. मग सगळंच छप्पर उतरवून पुन्हा चढवायचं ठरतं, आणि त्या उलथापालथीत चांगली कौलंही फुटतात. म्हणून कौलारू घर नव्याने सांभाळायला लागलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच असतं: छप्पर दसरा-दिवाळीच्या दरम्यान तपासा. पावसाने काय केलं त्याच्या खुणा तेव्हा ताज्या असतात, आणि दुरुस्तीला पुढे सात महिने हातात असतात.

इथे मी धरून चाललो आहे ते मंगलोरी कौलांचं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींचं आणि लाकडी वाशांचं घर. कोणी निवृत्त होऊन मुंबईहून गावी आलं असेल, कोणाच्या वाट्याला आजोबांचं घर आलं असेल. नळ्यांचं, म्हणजे अर्धगोल देशी कौलांचं, छप्पर असेल तर कौलं बदलायची रीत वेगळी, पण लाकूड तपासायची रीत तीच.

आधी या छपरावर काय भार पडतो ते समजून घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घराने १०० चौरस मीटर जागा झाकली असेल, तर एका हंगामात तीन लाख लिटर पाणी त्या छपरावरून उतरतं. कौलांचं स्वतःचं वजनही कमी नाही. चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं बसतात, एकेक कौल दोन ते तीन किलोचं असतं, आणि भिजलं की आणखी जड होतं. एवढं ओझं रीपा (कौलं अडकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि वासे (रीपांखालची उतरती लाकडं) वर्षानुवर्षं पेलत असतात. त्यामुळे फुटलेल्या कौलापेक्षा त्याखालच्या लाकडाची काळजी जास्त करायला हवी. कौल दहा मिनिटांत बदलता येतं. कुजलेला वासा बदलायचा तर अर्धं पाखं, म्हणजे छपराची अर्धी उतरती बाजू, उतरवावं लागतं.

तपासणी पावसातच सुरू होते

गणपतीला बहुतेकजण गावी येतात, आणि तेव्हा पाऊस असतोच. त्या दिवसांत जिथे जिथे ठिपका पडतो तिथे खाली भांडं ठेवून मोकळं होऊ नका. खडू घ्या आणि त्या जागी जमिनीवर किंवा भिंतीवर खूण करा, मोबाईलवर फोटो काढा, वारा कुठून होता तेही लिहून ठेवा. काही गळती फक्त पश्चिमेचा जोराचा वारा असला की होते, कारण वारा पाणी कौलांच्या सांध्यातून वर ढकलतो. अशी गळती कौल बदलून थांबत नाही. तिथे कौल नीट बसलंय का, रीप वाकलीय का, उतार कमी पडतोय का हे बघावं लागतं.

हस्ताचा पाऊस ओसरला, मान्सून परतला, की आठ-दहा दिवस चांगलं ऊन पडू द्या. ओल्या शेवाळलेल्या कौलावर चढणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. पण आतली तपासणी थांबवू नका, ती लगेच सुरू करा.

आतून बघा

भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि माळ्यावर चढा. माळा नसेल तर शिडीवरून बघा. डोळे अंधाराला सरावले की छपरात उजेडाचे ठिपके दिसतील. नवीन माणूस इथे घाबरतो. मंगलोरी कौलं एकमेकांत अडकतात, तरी सांध्यातून तिरका उजेड येतोच, आणि तो दिसतो तिथे पाणी येतंच असं नाही. बारीक रेषेसारखा उजेड असेल तर सोडून द्या. सरळ वर आकाश दिसत असेल, किंवा ठिपक्याच्या आजूबाजूचं लाकूड काळवंडलं असेल, तर ती जागा खरी.

पाणी जिथे आत शिरतं तिथेच खाली पडत नाही. ते वाशाच्या पोटाला धरून उताराने खाली येतं आणि एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी सुटतं. म्हणून जमिनीवरच्या खुणेच्या बरोबर वरचं कौल बदलून बऱ्याचदा काही फरक पडत नाही. खुणेवरून वाशापर्यंत जा, वाशावरचा ओघळ शोधा, आणि ओघळाच्या मागोमाग आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या, दिशेने वर सरका. ओघळ सुरू होतो तिथल्या रीपेवर खडूने फुली मारा. वर चढणाऱ्या गड्याला हीच फुली उपयोगी पडते: आतला माणूस तिथून काठीने कौल हलकंसं उचलतो आणि वरच्याला नेमकी जागा कळते.

आता लाकूड. एक जाड सुई किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि एक लहान हातोडी पुरते. चार जागा सोडायच्या नाहीत. पहिली, वाशांची टोकं जिथे भिंतीवर टेकतात ती. चिरा पाणी शोषतो आणि लाकडाला आतून ओल देत राहतो. दुसरी वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड. तिसरी, दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात त्या पन्हळीखालची लाकडं. चौथी आढं. प्रत्येक ठिकाणी टोच्या, म्हणजे ती सुई किंवा स्क्रू ड्रायव्हर, दाबून बघा. चांगल्या लाकडात तो जेमतेम रुततो. अर्धा बोट सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. हातोडीने ठोकून बघा: भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द.

भिंतीवरून वर चढलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. नुसत्या झाडून टाकू नका. एक नळी थोडी फोडून ठेवा आणि दोन दिवसांनी बघा. ती पुन्हा लिंपली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे, आणि उपचार जमिनीपासून करावा लागेल, वर फवारून भागणार नाही. खाली पिठासारखा भुसा पडत असेल आणि लाकडाला बारीक गोल भोकं असतील तर तो भुंगेऱ्यांचा उद्योग. भुंगेरा बहुधा लाकडाच्या बाहेरच्या पांढरट भागात असतो. सागवान, ऐन, किंजळ यांचा आतला गाभा तो सहसा सोडून देतो. म्हणून भोकं दिसली की लगेच वासा फेकायला काढू नका. वरचा पोखरलेला थर तासून बघा, आत लाकूड घट्ट असलं तर तो वासा अजून पुष्कळ वर्षं काढील. पोफळीच्या रिपांचं मात्र तसं नाही. त्या स्वस्त आणि हलक्या, पण ओल लागली की लवकर जातात, त्यामुळे शंका आली तर बदललेल्या बऱ्या.

काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे. काजू कारखान्याच्या गावात ते मिळतं. फक्त ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हात लावू नका. लाकूड पूर्ण कोरडं झाल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात, तेल लावा. ओल्या लाकडावर लावलं तर ओल आतच कोंडते.

छपराखालून विजेच्या वायरी गेल्या असतील तर त्याही बघा. उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात आणि ओल्या वाशाला उघडी तार टेकते. हे काम मेन स्विच बंद करूनच करा, आणि दुरुस्ती वायरमनकडून करून घ्या.

अंगणातून बघा

छपरावर चढण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. लांब उभं राहून आढ्याच्या रेषेवर नजर लावा. रेष मधेच खाली बसलेली दिसली तर आढं वाकलंय किंवा एखादा खांब खचलाय, आणि ते सुताराला दाखवल्याशिवाय वरच्या कौलांना हात लावू नये. मोबाईलचा कॅमेरा झूम करून प्रत्येक पाखं बघा. सरकलेलं कौल ओळीतून बाहेर आलेलं लगेच दिसतं. आढं झाकणाऱ्या कोनकौलांच्या मालाला (सांध्यातल्या सिमेंट-चुन्याला) भेगा, भिंतीच्या कडेला उगवलेला पिंपळ किंवा उंबर, पन्हळीत साचलेला पाला, हे सगळं खालूनच कळतं. पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. मनगटाएवढं झालं की ते चिरे फोडून बाहेर येतं, आणि मग नुसतं तोडून उपयोग होत नाही.

पागोळ्या जिथे पडतात ती जमीनही बघा. तिथे खड्डा पडला असेल आणि पाणी उडून जोत्याला लागत असेल, तर भिंतीच्या खालच्या भागात ओल दिसेल. लोक ती ओल छपराच्या गळतीची समजून वर खर्च करत बसतात. पागोळीखाली फुटकी कौलं किंवा खडी पसरली आणि पाण्याला बाहेर वाट करून दिली की पुष्कळदा भागतं.

चढायचं असेल तर

मला विचाराल तर पहिल्या वर्षी स्वतः चढू नका. गड्याला चढू द्या, तुम्ही आत उभे राहा आणि शिका. तरी चढणारच असाल तर एवढं पाळा. शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या साधारण चौथ्या भागाइतका लांब ठेवा, म्हणजे बारा फुटांच्या वळचणीला तीन फूट. शिडी वळचणीच्या वर तीन फूट तरी निघालेली असावी. ती कौलांवर टेकवू नका, पक्क्या लाकडावर टेकवा. खाली शिडी धरायला एक माणूस हवाच. कंबरेला दोर बांधा आणि तो पलीकडच्या पाख्यावरून नेऊन पक्क्या झाडाला किंवा खांबाला बांधा.

कौलाच्या मधोमध पाय देऊ नका. खाली रीप असते तिथे, म्हणजे दोन कौलं एकमेकांवर चढतात त्या ओळीवर, पाय पडला पाहिजे. त्याहून चांगलं म्हणजे छपरावर एक आडवी शिडी किंवा फळी टाकून तिच्यावरून सरकणं. वजन पसरतं आणि कौलं वाचतात. कौल उचलण्याआधी काठीने ठोका. वळचणीत आणि कोनकौलांखाली विंचू, गांधीलमाशा, क्वचित सापही असतो, आणि अनपेक्षित गांधील चावली की माणूस हात सोडतो.

कौल बदलणं

फुटक्या कौलाच्या वरच्या ओळीतली दोन कौलं थोडी उचलून धरा, फुटकं कौल वर सरकवून त्याचा खुंटा रीपेवरून सोडवा आणि बाहेर ओढा. नवीन कौल त्याच वाटेने आत घाला, खुंटा रीपेत अडकला का ते हाताने खाली ओढून पाहा, मग वरची दोन कौलं सोडा. एवढंच आहे, पण एक अडचण सगळ्यांनाच येते: नवीन कौल बसत नाही.

याचं कारण कौलाच्या पोटावर वाचायला मिळतं. तिथे कारखान्याचं आणि गावाचं नाव उठवलेलं असतं. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला, त्यानंतर त्या किनाऱ्यावर बरेच कारखाने निघाले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. लांबीत, रुंदीत, खोबणीच्या खोलीत थोडाथोडा फरक असतो, आणि तेवढा फरक सांधा उघडा ठेवायला पुरतो. म्हणून दुकानात जाताना जुनं कौल सोबत न्या आणि दोन्ही एकमेकांत बसवून बघा. जुळणारं मिळालंच नाही तर एक युक्ती करा: घराच्या मागच्या पडवीवरची जुनी कौलं काढून मुख्य पाख्यावर वापरा, आणि पडवीवर सगळी नवीन, एकाच कारखान्याची चढवा. गावात कोणी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधत असेल तर त्यांच्याकडून कौलं मागून आणा. त्यासाठी लाजू नका, ती कौलं नाहीतर भरावात जातात.

घेताना कौलावर बोटांच्या सांध्यांनी टकटक करा. चांगलं भाजलेलं कौल खणखणीत वाजतं, चीर गेलेलं किंवा कच्चं फुटक्या मडक्यासारखं.

भेग गेलेल्या कौलावर सिमेंट थापू नका. कौल तापतं, निवतं, खालचं लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आक्रसतं. कडक सिमेंट त्या हालचालीला साथ देत नाही, एका हंगामात सुटतं, आणि शेजारच्या दोन कौलांना चिकटून तीही निकामी करतं. कोनकौलांचा माल निघाला असेल तर सैल झालेला सगळा खरवडून काढा, कौल ओलं करा आणि एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा मऊ माल वापरा. त्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. गवंडी घाईने जास्त सिमेंटचा माल कालवतात, तेव्हा तिथे उभं राहून सांगा.

कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरायची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. गळती थांबते हे खरं. पण कौलांखालून वारा खेळायचा थांबतो, कागदावर दव साचतं, आणि रीपा वरून कोरड्या दिसत आतून कुजतात. मला ही पद्धत अजिबात पसंत नाही. अगदीच नाइलाज असेल तर कागद वाशांवर टाकून त्यावर उभ्या पट्ट्या ठोका, त्यावर आडव्या रीपा मारा आणि मग कौलं चढवा. म्हणजे कौल आणि कागद यांच्यात वाऱ्याला वाट राहते आणि आत आलेलं पाणी वळचणीपर्यंत वाहून जातं.

शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोराचा फवारा वापरू नका. ब्रशने कौलाचा वरचा भाजलेला थर खरवडला जातो, फवारा सांध्यातून पाणी आत मारतो. शेवाळ उन्हाने वाळलं की हिराच्या केरसुणीने वरून खाली झाडा. पुष्कळसं सुटून येतं.

पन्हळ, वारा आणि माकडं

ज्या घरांना मागून खोल्या जोडत नेलेल्या असतात, त्यांची सर्वात मोठी गळती जवळजवळ नेहमी दोन पाख्यांमधल्या पन्हळीत असते. अख्ख्या दोन पाख्यांचं पाणी तिथे एकवटतं. पालापाचोळा अडकला की पाणी कौलांच्या कडेवरून आत उतरतं. पत्रा काढून गंज बघा, तळाला टाचणीएवढं भोक असलं तरी पत्रा बदला. नवीन पत्रा दोन्ही बाजूंना कौलांच्या आत चांगला वीतभर गेलेला असावा आणि त्याला पाणी जातं त्या भागात खिळा मारू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्याला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वादळं पावसाच्या तोंडावर आली. ज्यांनी छपराचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवलं असेल, त्यांच्यापुढे तेव्हा मोठाच पेच उभा राहिला असणार. वारा कौलं वरून दाबत नाही, वळचणीखाली शिरून उचलतो. म्हणून वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्यालगतची ओळ तारेने रीपेला बांधून घ्या. कौलाच्या पोटाला त्यासाठीच भोक ठेवलेलं असतं. गंजणार नाही अशी तार वापरा.

माकडांवर पक्का उपाय नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. आंबे-फणस तयार होऊ लागले की वानरांच्या टोळ्या छपरांवरून धावतात आणि एका दुपारी वीस कौलं सरकवतात. छपरावर आलेल्या फांद्या छाटल्या की त्यांची उडी मारायची जागा कमी होते. माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळही वेळेवर उतरवून घ्या. पण त्यापलीकडे, शिमगा झाल्यावर दर पंधरा दिवसांनी अंगणातून छपरावर एक नजर टाकणं हाच उपाय.

कामांचा क्रम

आश्विन-कार्तिकात बघणं आणि खुणा करणं. मार्गशीर्ष-पौषात सुताराला बोलावणं, कारण तेव्हा त्याला वेळ असतो आणि लाकूड निवडून आणायलाही. कुजलेल्या वाशाला जोड द्यायची असेल तर नवीन तुकडा सडक्या भागाच्या पलीकडे चांगल्या लाकडावर हात-दीड हात चढलेला हवा आणि बोल्टने आवळलेला हवा, नुसते खिळे चालत नाहीत. फाल्गुनापर्यंत तेल लावणं, कोनकौलांचा माल आणि पन्हळ. पाला मात्र शेवटी, वैशाखात काढा; फाल्गुन-चैत्रात झाडांची पानगळ सुरूच असते आणि आधी साफ केलेली पन्हळ पुन्हा भरते.

सगळं झाल्यावर पाइपने पाणी मारून बघा. आधी मेन स्विच बंद करा. पाणी वळचणीपासून सुरू करून हळूहळू वर न्या, वरून खाली नाही, नाहीतर गळती नक्की कुठल्या ओळीत आहे ते कळत नाही. धार पावसासारखी वरून पडू द्या, सांध्यात रोखून मारू नका. प्रत्येक टप्प्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा.

घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल, तर पंचवीस-तीस जुळणारी कौलं पडवीत उभी रचून ठेवा, आडवी रचली तर खालची फुटतात. शिडी घरातच राहू द्या. शेजारच्या काकांना किल्ली, कौलं परतणाऱ्या गड्याचा नंबर आणि त्याच्या एका दिवसाच्या मजुरीचे पैसे आधीच देऊन ठेवा, म्हणजे जुलैत पावसाची उघडीप मिळाली की फुटलेलं कौल बदलायला तुमच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.